उकिरड्याचे शास्त्र



बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, असे आपण म्हणतो. ज्याने ही म्हण काढली त्याने उकिरडा नुसता लांबून पाहिला असावा. कारण नीट भरलेल्या उकिरड्याचे दैव तीन-चार महिन्यांत उघडते, आणि त्याच्याबरोबर शेताचेही उघडते. ते कसे, आणि हे काम नेमके कोण करते, हे आज सांगायचे आहे. पण आधी हा विषय मला कुठे अडवून बसला ते सांगतो.

माघ महिन्यात मी फुलंब्रीकडून सिल्लोडच्या रस्त्याने गावी जात होतो. कापसाची शेवटची वेचणी उरकली होती आणि जिकडे पाहावे तिकडे बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पेटलेले. डोळे चुरचुरावेत इतका धूर. आमच्या वावरातही तेच चालले होते. माझे चुलते तात्या हातात काठी घेऊन ढीग सारखा करत उभे होते. मी सहज म्हणालो, "तात्या, जाळता कशाला? कुजवा की."

तात्या सत्तरीच्या पुढचे. ते म्हणाले, "तू कॉलेजात पोरांना भूगोल शिकवतोस, मग मला एवढं सांग. पऱ्हाटी कुजायला वरीस लागतं. तवर ती बोंडअळी तिच्यात बसून राहती. जाळली तर घटकाभरात राख. अन् राख खतच आहे ना? मग तुझ्या कुजवण्यात जास्तीचं काय मिळतं?"

प्रश्न अगदी रास्त होता. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. 'पर्यावरण' वगैरे दोन शब्द पुटपुटलो आणि चहाला बसलो. आजचे भाषण म्हणजे तात्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

उत्तराची सुरुवात शेतात करायची नाही, रानात करायची. कन्नडच्या बाजूला गौताळ्याचे जंगल आहे. १९८६ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. साग, धावडा, सालई अशी पानगळीची झाडे तिथे आहेत. फाल्गुन-चैत्रात तिथे गेलात तर पायाखाली घोटाभर पाचोळा वाजतो. आता विचार करा, या रानाला आजवर कोणी युरियाचे एक पोते टाकलेले नाही. दर साली पाने गळतात, दर साली नवी येतात. मग इतक्या पानांना लागणारे नत्र, स्फुरद, पालाश दर साली येतात कोठून? आणि गेल्या साली घोटाभर पडलेला पाचोळा श्रावणात गेला कोठे?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच. गेल्या वर्षीचा पाचोळाच यंदाचे पान होतो. मात्र तो आपसूक होत नाही.

झाडाला तोंड नाही, हे आपण विसरतो. मूळ पाचोळा खाऊ शकत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार तेवढे ते शोषू शकते. उलट वाळल्या पानातले नत्र, स्फुरद, चुना हे सारे कुलपात असते. ते पानाच्या काष्ठात आणि प्रथिनांत बांधलेले असते. (झाड काही वेडे नाही. पान गाळण्याआधी त्यातले निम्म्याच्या आसपास नत्र ते परत आपल्या अंगात ओढून घेते, म्हणून तर पान पिवळे पडते. पण उरलेले पानाबरोबर खाली जातेच.) हे कुलूप उघडणारी एक मोठी बिनपगारी मंडळी मातीत राहते. पुस्तकात त्यांना 'विघटक' म्हणतात. शब्द जड आहे. आपण कुजवणारे म्हणू.

त्यांतले पहिले मानकरी आपल्या ओळखीचे आहेत. गांडूळ, पावसाळ्यात भिंतीवर चढणारा वाणी, शेणकिडा, आणि जिला आपण घरात शिव्या देतो ती वाळवी. यांचे काम भरडण्याचे. जात्यात दाणा भरडला की पीठ लवकर शिजते, तसे पान भरडले गेले की पुढच्यांना सोपे जाते. वाळवीचे तर विशेष कौतुक केले पाहिजे. आपल्या भागात आठ महिने कोरडे; उन्हाळ्यात मातीतले बाकीचे जीव झोपलेले असतात, पण वाळवी आपल्या मातीच्या बोगद्यातून ओल राखून काम करीत राहते. आपल्याकडे मोठी वारुळे उभारणाऱ्या वाळवीच्या जाती तर वारुळाच्या आत चक्क बुरशीची शेती करतात. चावलेल्या काडीकचऱ्याचे वाफे घालायचे, त्यावर बुरशी वाढवायची आणि ती खायची. पावसाळ्यात वारुळावर जी मोठी पांढरी छत्री उगवते, ती या शेतीचेच पीक. नागपंचमीला आपण वारुळाला हळदकुंकू वाहतो ते नागासाठी. घर मात्र वाळवीचे असते.

शेणकिड्याची किंमत ऑस्ट्रेलियाला विचारावी. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथे गाईबैल नेले, पण गाईच्या शेणाची गोळी करून जमिनीत नेणारा किडा त्या देशात नव्हता. तिथले किडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. परिणाम असा की शेणाचे पो महिनोन् महिने कुरणात पडून राहू लागले, त्याखालचे गवत मरू लागले, माश्यांचा सुळसुळाट झाला. शेवटी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने परदेशांतून शेणकिडे आणून सोडले. गाई आणल्या, चारा आणला. पण कुजवणारा आणायचा राहून गेला होता!

भरडा झाला की खरे काम बुरशीचे आणि जीवाणूंचे. लाकडाला ताठपणा देणारे जे चिवट द्रव्य असते, ज्याला लिग्निन म्हणतात, ते फोडण्यात बुरशीचा हात कोणी धरणार नाही. पऱ्हाटी कुजायला वेळ लागतो तो या लिग्निनमुळे. जीवाणूंची तर गणतीच नाही. बोटाच्या चिमटीत मावेल एवढ्या, म्हणजे ग्रॅमभर चांगल्या मातीत ते कोटींनी भरतील. त्यांतल्याच स्ट्रेप्टोमायसीज नावाच्या एका घराण्यामुळे रोहिणी-मृगाच्या पहिल्या सरीला मातीचा तो वास सुटतो. त्याच घराण्यातून १९४३ साली क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीन मिळाले. तेव्हा मातीला वास येतो म्हणजे काय, तर माती कामावर आहे.

ही मंडळी कोणाचा मुलाहिजा मात्र ठेवत नाहीत. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावा मातीत गवत, तूस, तंतू असे पदार्थ कालवून केलेला. किड्यांनी त्यातले वनस्पतिद्रव्य खाल्ल्यामुळे चित्रांचे पुष्कळ नुकसान झाले आहे. वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, आणि त्यांच्यामुळे तिथे कीड लागली नाही, असे राजदेव सिंह आणि सरदेसाई या आपल्या शहरातल्या दोन अभ्यासकांनी २०१६ साली मांडले. कुजणे कोठे हवे आणि कोठे नको, याचा विचार आपल्या डोंगरातले कारागीर दीड हजार वर्षांपूर्वी करीत होते की काय, असे वाटून जाते. असो. लेण्यांकडून पुन्हा वावरात येऊ.

तात्यांच्या प्रश्नाचे मर्म समजायला एक हिशेब लागतो. तो मी भाकरी आणि डाळीचा म्हणून सांगतो. जीवाणूलाही जेवण लागते. कर्ब म्हणजे कार्बन ही त्याची भाकरी. तिच्यावर त्याची ताकद चालते. नत्र ही त्याची डाळ. तिच्यातून त्याचे अंग बनते. जीवाणूच्या स्वतःच्या अंगात आठ भाग कर्बाला सुमारे एक भाग नत्र असते. श्वासोच्छ्वासात कर्ब जाळला जातो तो धरून, त्याला जेवणात पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र मिळाले की त्याचे ताट नीट भरले. हिरवा पाला, ताजे शेण यांचे प्रमाण याच्या आसपास किंवा याहून बरे असते. पऱ्हाटी किंवा ज्वारीचे धसकट पाहाल तर साठ-सत्तर भाग कर्बाला जेमतेम एक भाग नत्र. ताटात भाकऱ्यांची चळत, डाळ वाटीच्या तळाशी!

अशा वेळी जीवाणू काय करतो? तो डाळ शेजारून उसनी आणतो. शेजार म्हणजे तुमची माती. म्हणून जो शेतकरी मोठ्या उत्साहाने कोरडे काड तसेच्या तसे नांगरून गाडतो आणि लगेच पेरतो, त्याचे पीक पिवळे पडते. मग तो म्हणतो, "कुजवून पाहिलं, तोटाच झाला." त्याचे निरीक्षण खरे आहे. नत्र कोठे गेलेले नसते, जीवाणूंच्या अंगात अडकलेले असते. भाकरी संपत आली, जीवाणू मरू लागले, एकमेकांना खाऊ लागले, की तेच नत्र अमोनियाच्या रूपाने सुटते. पुढे दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते पिकाला मिळते. हे उसने फिटायला काही आठवडे लागतात, कधी महिनेही लागतात. म्हणून उसनवारी पिकाच्या तोंडावर वावरात करायची नाही. ती उकिरड्यात उरकून घ्यायची. खतखड्ड्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

आता राख. तात्या म्हणाले राख खतच आहे. अर्धे खरे आहे. जाळल्यावर पालाश, चुना आणि बराचसा स्फुरद राखेत उरतो, वाऱ्याने उडाला नाही तर. पण नत्र जवळजवळ सगळे धुराबरोबर जाते, आणि कर्बही जातो. नत्राचाच हिशेब मांडला तर टनभर वाळलेल्या पऱ्हाटीत ते आठ-दहा किलो निघेल, म्हणजे युरियाच्या अर्ध्या पोत्यापेक्षाही थोडे कमी. हा आकडा मी मुद्दाम फुगवून सांगत नाही. एवढ्यासाठी खटाटोप कोण करील, असे तात्या म्हणाले असते, आणि मी गप्प बसलो असतो.

खरा तोटा कर्बाचा आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. तुमच्याकडे असेल तर तिच्यातली 'सेंद्रिय कर्ब' ही ओळ काढून पाहा. अर्ध्या टक्क्याच्या खाली आकडा असला तर जमीन त्या बाबतीत गरीब धरतात, आणि मराठवाड्यातल्या पुष्कळ पत्रिकांत तो तसाच असतो. आपले ऊन कडक, त्यामुळे मातीतला कर्ब लवकर खर्ची पडतो. ही ओळ म्हणजे त्या बिनपगारी मंडळींची शिदोरी होय. ती संपली की मंडळी उपाशी. मग वरून कितीही पोती टाका, माती ती धरून ठेवत नाही. कुजून उरलेला काळा अंश पाणीही धरतो. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही मध्येच दडी मारणारा, अशा मुलखात पावसाच्या खंडात पीक आणखी चार दिवस तग धरते की माना टाकते, हे या काळ्या अंशावर पुष्कळ अवलंबून असते. राखेतून हे मिळत नाही. तात्या, जास्तीचं मिळतं ते हे.

पण बोंडअळीचे काय? तिथे तात्यांची बाजू भक्कम आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूसवाल्यांची जी दैना केली ती आपण विसरलेलो नाही. पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका, डिसेंबरअखेर फरदड मोडून टाका, हा सल्ला पाळलाच पाहिजे. मात्र 'उभी ठेवू नका' याचा अर्थ 'जाळा' असाच होत नाही. किडकी, न उमललेली बोंडे आधी वेचून काढा. ती खुशाल जाळा. उरलेल्या पऱ्हाटीची यंत्राने कुट्टी करून लगेच खड्ड्यात भरा. चांगल्या भरलेल्या ढिगाच्या पोटात जीवाणूंच्या श्वासानेच पंचावन्न ते पासष्ट अंश उष्णता चढते. हात घातला तर चटका बसतो. त्या उष्णतेत अळीही राहत नाही आणि बहुतेक तणांचे बीही. कड थंड राहते, म्हणून ढीग उलथून कडेचा माल आत घालायचा. आणि जी पऱ्हाटी आमच्या काकूंच्या चुलीत जाते ती वाया गेली असे मी मुळीच म्हणणार नाही. स्वयंपाक व्हायला हवा. त्या चुलीची राख तेवढी उकिरड्यावर जाऊ द्या.

यात परदेशी किंवा नवे असे काही नाही. १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी याच कापसाच्या काड्यांवर प्रयोग केले. काड्या टणक, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली भरडून घेत. मग गोठ्यातले शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांच्याबरोबर थर देत, अधूनमधून उलथत. तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक निघाले आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. जगाला हॉवर्ड माहीत झाले, वाडांचे नाव फारसे कोणी घेत नाही. निदान मराठी माणसाने तरी घ्यावे.

आज अडचण वेगळी आहे. दावणीला जनावरे उरली नाहीत, शेण आणायचे कोठून? यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी तोड काढली. लोक त्यांना नाडेप काका म्हणत. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा विटांचा हौद, आणि भिंतीला जागोजाग भोके. आत वीतभर काडीकचरा, त्यावर शेणकाला शिंपडायचा, त्यावर चाळलेली माती, असे थर. वरून मातीने लिंपायचे. सारा हौद भरायला शेण लागते शंभर किलोच्या आसपास. तीन-चार महिन्यांत खत. शेण इथे विरजणासारखे वापरले आहे. दही लावायला कोणी घागरभर ताक ओतत नाही. ओल किती ठेवायची? मूठभर माल घेऊन दाबा. हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये.

भिंतीला भोके कशाला, हे आपल्या शहराला फार महाग शिकावे लागले. नारेगावला वर्षानुवर्षे शहराचा सगळा कचरा डोंगरासारखा रचला जात होता. त्यात भाजीपाला होता, शिळे अन्न होते. म्हणजे गंगापूर-पैठणच्या मातीतूनच निघालेले नत्र आणि पालाश. पण ढिगाच्या पोटात हवा नाही. हवा नसली की वेगळे जीवाणू कामाला लागतात. मिथेन वायू आणि दुर्गंधी सुटते, काळे पाणी झिरपते. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या आसपासच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कित्येक आठवडे रस्त्यांवर कचरा साचला. कुजण्याला बंद टाकीत घेतले तर हाच मिथेन इंधन होतो. आपल्या गोबरगॅसमध्ये दुसरे काय होते? उघड्यावर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून रचले, की खतही नाही आणि गॅसही नाही.

शेवटी गुरुजींसाठी आणि बाईंसाठी एक प्रयोग सांगतो. त्याला पैसा लागत नाही. जुन्या, निव्वळ सुती धोतराचे किंवा पंचाचे तळहाताएवढे सारखे तुकडे कापा. एक तुकडा टेरिलीनचाही घ्या. प्रत्येकाला नायलॉनची दोरी बांधा, म्हणजे जागा सापडेल. मृगाचा पाऊस झाला की ते चार बोटे खोल पुरा. एक उकिरड्याजवळ, एक झाडाखाली, एक वावरात, एक जिथे काड जाळले होते तिथे. पोळ्याच्या सुमारास काढा. हलक्या हाताने धुवा, वाळवा आणि मुलांना शिल्लक कापड चौकटीच्या कागदावर मोजायला सांगा. सुती कापड म्हणजे निव्वळ भाकरी. जिथे खाणारे जास्त आणि डाळ हाताशी, तिथे ते लवकर संपते.

गेल्या साली आमच्या विद्यार्थ्यांनी हे तात्यांच्या वावरातच केले. लिंबाखालच्या तुकड्याची नुसती शिवण उरली होती. जिथे दरवर्षी पऱ्हाटी पेटते त्या बांधाच्या कोपऱ्यातला तुकडा धुतल्यावर जवळजवळ तसाच निघाला. त्यावरची धोब्याची खूणसुद्धा वाचता येत होती. तात्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिले. मग मला विचारले, "कुट्टीचं यंत्र दिवसाला किती घेतं भाड्यानं?"